जी4 मॅकवर लिनक्स: इन्स्टॉलेशनचं जुनं पान दुरुस्त करताना

पॉवरपीसी प्रोसेसरच्या आयबुक जी4 किंवा पॉवरबुक जी4 या ॲपलच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स कसं बसवायचं, हे सांगणारी पानं आजही ढिगानं सापडतात. त्यातली बहुतेक यॅबूट या जुन्या बूटलोडरच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जमान्यातली आहेत. पॉवरपीसीसाठीची शेवटची अधिकृत आवृत्ती डेबियन 8, म्हणजे 2015 ची. 2017 च्या डेबियन 9 मधून पॉवरपीसी वगळलं गेलं आणि पुढचं काम डेबियन पोर्ट्सकडे, म्हणजे अधिकृत यादीबाहेरच्या प्रोसेसरांसाठीच्या उपक्रमाकडे आलं. यॅबूट मागे पडून ग्रब आलं. पानं मात्र होती तिथेच राहिली. कुणीतरी मधूनच एखादी ओळ बदलतं, वर ताजी तारीख टाकतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळंच पान तपासलेलं आहे. अशा अर्ध्या दुरुस्तीपेक्षा उघडउघड जुनं पान परवडलं, कारण त्यावर निदान कुणी विसंबत नाही.

दुरुस्तीला बसायच्या आधी मशीनची ओळख नीट लिहा. 'आयबुक जी4' एवढ्यानं भागत नाही. 2004 च्या अखेरीच्या आयबुकमध्ये रेडिऑन 9200 आहे, 2005 च्या मध्याच्या आयबुकमध्ये रेडिऑन 9550. बाहेरून दोन्ही पांढरे डबे, आत ग्राफिक्सची पिढीच वेगळी. 9200 चा मेसामधला (लिनक्सच्या थ्रीडी ग्राफिक्सच्या संचातला) जुना ड्रायव्हर 2021 च्या अखेरीस मुख्य शाखेतून काढला गेला आणि अंबर नावाच्या बाजूच्या शाखेत गेला. 9550 ज्या ड्रायव्हरवर चालतं तो अजून मुख्य शाखेत आहे. म्हणजे 'आयबुकवर थ्रीडी चालतं' हे वाक्य एकासाठी खरं, दुसऱ्यासाठी खोटं. ॲपलचा मॉडेल क्रमांक हाच खरा पत्ता: 2004 च्या अखेरीचा पॉवरबुक6,5 आणि 2005 चा पॉवरबुक6,7. (हो, आयबुकच्याही क्रमांकात 'पॉवरबुक'च येतं. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, म्हणून पानात तसं स्पष्ट लिहा.) लिनक्स चालू असेल तर प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल उघडायची, 'मशीन' या ओळीत हा क्रमांक दिसतो. रॅमही याच जागी नोंदवा. 2004 च्या मॉडेलात 256 एमबी बोर्डावरच डकवलेली असते आणि एकुलत्या स्लॉटमध्ये 1 जीबी टाकून 1.25 जीबीपर्यंत जाता येतं. 2005 च्या मॉडेलात 512 एमबी डकवलेली आणि कमाल 1.5 जीबी.

आता बूट. जुन्या पानांत इथे एकच ओळ असते, ती नक्कल करून टंकायची, आणि चालली नाही तर पुढे काय याचा पत्ता नाही. ती ओळ फोडून सांगितली तर वाचणारा स्वतःच सावरतो.

मशीन चालू करताना कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ या चारही कळा एकदम दाबून धरल्या की ओपन फर्मवेअरचा (मॅकमध्येच बसवलेल्या, सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) पांढरा पडदा येतो आणि तळाशी '0 >' असा, आज्ञा टंकायचा प्रॉम्प्ट उभा राहतो. सीडीवरून सुरू करायची आज्ञा अशी: बूट, मोकळी जागा, सीडी, विसर्गासारखा कोलन, स्वल्पविराम, दोन उलट्या तिरक्या रेघा, पुन्हा कोलन, आणि टीबीएक्सआय (boot cd:,\\:tbxi). यातल्या दोन उलट्या रेघांचा अर्थ 'या डिस्कवरचं बूटसाठी नेमून दिलेलं फोल्डर'. मॅकच्या भाषेत याला फोल्डर 'ब्लेस' करणं म्हणतात. शेवटचा कोलन आणि टीबीएक्सआय म्हणजे 'त्या फोल्डरमधली या प्रकारची फाइल'. फाइलचं नाव कुठेच नाही, फक्त प्रकार आहे. कोलन विसरला तर ओपन फर्मवेअर टीबीएक्सआय नावाची फाइल शोधत बसतं, आणि ती नसते. पडद्यावर 'कान्ट ओपन' उमटतं. पानात हा संदेश जसाच्या तसा द्या, कारण अडकलेला माणूस नेमका तोच शोधत येतो.

हे एकदा कळलं की ग्रबचं एक चक्रावून टाकणारं दुखणंही सुटतं. ग्रबची बूट फाइल लिनक्समधून सीपी या नकलेच्या आज्ञेनं दुसऱ्या एचएफएस (मॅकच्या पद्धतीच्या) पार्टिशनवर नेली तर मजकूर जातो, पण मॅकचा 'फाइल प्रकार' जात नाही, आणि फोल्डर ब्लेस केलेलंही राहत नाही. फाइल डोळ्यांना दिसते, तरी मशीन बूट होत नाही. उपाय एचएफएसयूटिल्स या पॅकेजात आहे. पार्टिशन लिनक्समधून आधी अनमाउंट करायचं, मग एचमाउंटनं उघडायचं, एचॲट्रिबला टी पर्याय देऊन त्या फाइलचा प्रकार टीबीएक्सआय करायचा, बी पर्याय देऊन फोल्डर ब्लेस करायचं आणि एचयूमाउंटनं बंद करायचं. अनमाउंट करायचं राहिलं तर दोन प्रोग्रॅम एकाच पार्टिशनवर लिहितात आणि पार्टिशनची वाट लागते. ही ताकीद पायरीच्या आधी लिहा. नंतर लिहिली तर ती वाचेपर्यंत हात चालून गेलेले असतात.

पार्टिशनचा भाग तर मुळातून नव्यानं लिहावा लागतो. ॲपलच्या पार्टिशन नकाशात पहिली नोंद खुद्द नकाशाचीच असते, म्हणून वापरायची पार्टिशनं दोनपासून सुरू होतात. जुन्या पानांत मॅक-एफडिस्क या पार्टिशनं पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये छोटा बी टंका आणि पुढे 2पी द्या असं असतं. ती आज्ञा बरोबर 800 केबीचं बूट पार्टिशन बनवते. यॅबूटला तेवढं पुरायचं. ग्रब आपल्या मॉड्युलांसकट त्यात मावत नाही आणि जागा संपल्याची तक्रार करून थांबतं. आता छोट्या बीऐवजी मोठा सी घ्यायचा, सुरुवातीचा ब्लॉक, आकार आणि नाव द्यायचं, आणि प्रकार ॲपल_बूटस्ट्रॅप लिहायचा. 100 एमबी ठेवले तर जागेचा प्रश्न उरत नाही. प्रकार साधा ॲपल_एचएफएस दिला तरी बूट होईल, पण शेजारी मॅक ओएस एक्स ठेवलेलं असेल तर ते हे पार्टिशन स्वतःचं समजून माउंट करतं आणि त्यात हात घालतं. बूटस्ट्रॅप प्रकाराच्या वाटेला ते जात नाही.

याच भागात जुन्या पानांमधली एचडीए ही डिस्कची नावं बदलून एसडीए करा. डिस्क हाताळणारी जुनी आयडीई यंत्रणा 2021 च्या 5.14 कर्नलमधून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) साफ काढली गेली आहे. मात्र शोधा-आणि-बदला करून सगळं पान एका फटक्यात बदलू नका. ओपन फर्मवेअरमध्ये डिस्कला एचडी असंच म्हणतात, आणि तिथलं एचडी बदललं तर चांगली ओळ बिघडते.

यानंतर घड्याळ. पानात याला बहुधा एक ओळसुद्धा नसते, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मॅकचं घड्याळ 1 जानेवारी 1904 पासून सेकंद मोजतं, युनिक्सचं 1970 पासून. दोन्हींतला फरक 2,08,28,44,800 सेकंद, आणि कर्नल तो वजा करतो. आज या मशीनच्या बॅटऱ्या मेलेल्या असतात. चार्जर काढला की घड्याळ पुसलं जातं आणि इन्स्टॉलरला भलतीच तारीख मिळते. मग एपीटी हा पॅकेजं उतरवणारा प्रोग्रॅम म्हणतो की रिलीज फाइल (पॅकेजांची सही केलेली यादी) अजून वैधच झालेली नाही, किंवा सही भविष्यातली आहे. वाचणाऱ्याला वाटतं मिरर (पॅकेजं देणारा सर्व्हर) बिघडला, म्हणून तो मिररमागून मिरर बदलत बसतो. खरा उपाय दुसऱ्या कन्सोलवर जाऊन डेट आज्ञेनं तारीख घालणं एवढाच. दुसरा कन्सोल उघडायला या कीबोर्डवर एफएन, ऑप्शन आणि एफ2 अशा तीन कळा लागतात, कारण नुसती एफ2 पडद्याचा उजेड बदलते. हेही लिहा. इन्स्टॉल झाल्यावर एचडब्ल्यूक्लॉकनं तारीख हार्डवेअरमध्ये उतरवायची, आणि नव्या सिस्टिमवर नेटवरून वेळ घेणारी सेवा चालू ठेवायची.

तारीख दुरुस्त केल्यावरही सहीची तक्रार राहिली, तर दोष किल्लीचा. डेबियन पोर्ट्सच्या सहीच्या किल्ल्यांची मुदत संपते आणि नव्या येत राहतात. इन्स्टॉलरच्या जुन्या इमेजमध्ये जुनीच किल्ली असते, त्यामुळे 'पब्लिक की नाही' असा संदेश येतो. डेबियन-पोर्ट्स-अर्काइव्ह-कीरिंग हे पॅकेज कुठल्याही प्रोसेसरला चालतं, म्हणून ते घरातल्या साध्या पीसीवर उतरवून पेनड्राइव्हनं न्यायचं आणि डीपीकेजीनं बसवायचं. सही तपासणंच बंद करा असा सल्ला काही पानांत आहे. दुरुस्तीत तो पहिल्यांदा काढून टाका.

पोर्ट्समध्ये स्थिर आवृत्ती नाही, रोज बदलणारी अनस्टेबल आहे. गेल्या महिन्यात जे पॅकेज बसलं ते आज बसेलच असं नाही. त्यातून 2024 मध्ये डेबियननं 32-बिट प्रणालींवर वेळ मोजायचा आकडा 64-बिट केला (आय386 सोडून), आणि शेकडो लायब्ररींच्या नावांना टी64 हे शेपूट लागलं. त्यामुळे लायब्ररींची जुनी नावं देणाऱ्या एपीटीच्या ओळी आता 'असं पॅकेज नाही' म्हणतात. 2024 च्या आधीच्या इमेजवरून बसवून मग अपग्रेड करण्यापेक्षा नवी इमेज घेणं सोपं पडतं. म्हणूनच पानाच्या माथ्यावर चार गोष्टी हव्यात: मॉडेल क्रमांक, इमेजची तारीख, इन्स्टॉल झाल्यावरचा कर्नल, आणि काय चाललं नाही. 'अनस्टेबलवर तपासलं' याला काही अर्थ नाही, कारण अनस्टेबल रोज बदलतं. एखाद्या ठरावीक दिवसाची पॅकेजं हवी असतील तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात पोर्ट्सच्याही जुन्या प्रती आहेत. त्यांची रिलीज फाइल मुदतबाह्य असते, तेव्हा सोर्सेसच्या ओळीत चेक-व्हॅलिड-अंटिल 'नो' करावं लागतं. यानं फक्त मुदतीची तपासणी थांबते, सहीची चालूच राहते.

वायफायसाठी ब्रॉडकॉमचं फर्मवेअर लागतं आणि ते इन्स्टॉलरमध्ये येत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना नेटची केबलच वापरा. केबलसाठीचा सनजेम ड्रायव्हर विनातक्रार चालतो. नंतर बी43-एफडब्ल्यूकटर हा फर्मवेअर काढून देणारा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालवून निघालेलं बी43 फोल्डर लिबच्या फर्मवेअर फोल्डरात टाकायचं.

जुन्या पानांतला प्रत्येक तोडगा आज चुकीचा असतोच असं नाही; कधी तो नुसता अनावश्यक झालेला असतो. रेडिऑन.एजीपीमोड उणे 1 हा कर्नलचा पर्याय बहुतेक पानांत सापडतो, कारण एजीपी या ग्राफिक्स चिपच्या जोडणीमुळे ही मशीन ग्राफिक्स सुरू होताच गोठायची. 2020 च्या सुमारास कर्नलनंच रेडिऑनसाठी एजीपी मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. पर्याय दिला तरी नुकसान नाही, पण 'हा का होता आणि कुठल्या कर्नलपर्यंत लागत होता' हे एका ओळीत लिहून ठेवा. कारण न लिहिता ओळ पुसली, तर पुढचा कुणीतरी ती 'राहून गेली' म्हणून परत घालतो.

क्यूइमूवर (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) तपासून पान दुरुस्त करण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याचं मॅक99 मशीन सोयीचं आहे, इन्स्टॉलरच्या पायऱ्यांचा क्रम आणि प्रश्नांचे शब्द तपासायला उत्तम. पण त्यात खऱ्या ओपन फर्मवेअरऐवजी ओपनबायोस असतं, घड्याळ यजमान मशीनकडून अचूक मिळतं, रेडिऑनची ही चिप नसते आणि ब्रॉडकॉमचं कार्डही नसतं. म्हणजे जिथे लोक खरोखर अडतात त्या चारही जागा क्यूइमूवर बिनबोभाट पार पडतात. क्यूइमूवर तपासलेल्या पायऱ्यांपुढे तसं लिहा, खऱ्या मशीनवरच्या वेगळ्या.

मराठीतून बसवू पाहणाऱ्यासाठीही एक टीप ठेवा. इन्स्टॉलर अक्षरी पडद्यावर चालत असेल तर भाषांच्या यादीत मराठी दिसणार नाही, कारण साध्या कन्सोलवर जोडाक्षरं जुळत नाहीत. इंग्रजीत बसवायचं, मग लोकेल्स पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून एमआर_आयएन निवडायचं आणि लोहित देवनागरी फॉन्ट घालायचा. कन्सोलवर मात्र त्यानंतरही मराठी संदेशांच्या जागी चौकोन दिसतात, तेव्हा बिघाड शोधायचा असेल त्या वेळी आज्ञेपुढे भाषा तात्पुरती सी (मूळ इंग्रजी) वर ठेवायची.

शेवटी परतीची वाट. बूट-डिव्हाइसचं, म्हणजे कुठून सुरू व्हायचं ते सांगणारं मूल्य चुकीचं लिहिलं गेलं तर मशीन प्रश्नचिन्हाचं फोल्डर दाखवत बसतं. ओपन फर्मवेअरच्या प्रॉम्प्टवर प्रिंटएन्व्ह बूट-डिव्हाइस टंकून सध्याचं मूल्य दुरुस्तीच्या आधीच कागदावर उतरवून घ्यायला सांगा. तेही चुकलं तर रीसेट-एनव्हीरॅम, सेट-डिफॉल्ट्स आणि रीसेट-ऑल, याच क्रमानं, एकेका ओळीवर. नंतर मशीन ब्लेस केलेलं फोल्डर स्वतःच शोधतं, आणि शेजारी मॅक ओएस एक्स असेल तर बहुधा तेच आधी उघडतं. तेव्हा ऑप्शन कळ दाबून चालू केलं की बूटच्या डिस्कची यादी येते.