शेकरूच्या शेपटीने घेतलेल्या तीन रात्री

पहिलीच्या वर्गासाठी राज्याच्या मानचिन्हांची कार्डं करायची होती: शेकरू ही मोठी खार, हरियाल पक्षी, ताम्हणाचं फूल, राणी पाकोळी हे फुलपाखरू. मागचं जंगल, आभाळ काढून नुसता प्राणी हवा होता, कारण सहा वर्षांचं मूल पानांच्या गर्दीत शेकरू शोधत बसतं. हरियाल वीस मिनिटांत झाला. शेकरूने तीन रात्री घेतल्या, त्याही एकट्या शेपटीपायी.

फोटो भावाने भीमाशंकरला काढलेला. तांबूस अंग, फांदीवरून खाली सोडलेली लांब शेपूट, तिचं टोक पांढुरकं. मागे ढगाळ आभाळ, तेही पांढरंच.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. ज्याला विचारावं तो सांगतो, फझी सिलेक्ट घ्या, आभाळावर क्लिक करा, डिलीट दाबा. दाबलं. आभाळाबरोबर शेपटीचं टोकही गेलं. हे टूल नुसत्या रंगावरून निवडतं. पांढऱ्यातून पांढरं वेगळं काढणं त्याच्या आवाक्यातलं नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जवळपासचा रंग धरायचा तो आकडा, मुळात १५ असतो. तो ५ केला तर केसांमध्ये आभाळाचे ठिपके राहिले, ३० केला तर शेपूट पोखरली गेली. सिझर्स सिलेक्टने कडेकडेने टिंबं देत गेले, तर रेघ शेपूट सोडून फांदीला चिकटली. शेवटी फ्री सिलेक्टने हातानेच कापलं. कड स्वच्छ आली, पण शेपूट पत्र्याची वाटायला लागली, एक केस सुटा नाही. शेकरूची ओळख ती झुपकेदार शेपूट, आणि तीच खोटी करून मुलांपुढे ठेवायची? दुसऱ्या रात्री एक वाजता चिडून लॅपटॉप मिटला.

काम झालं ते लेअर मास्कने. लेअर म्हणजे चित्राचा एक थर, मास्क म्हणजे त्यावरचं झाकण. यात काही कापलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. मास्कवर काळा रंग लावला की तेवढा भाग दिसेनासा होतो, पांढरा लावला की परत येतो. मी शेपटीच्या कडेपासून थोडं आत राहून ढोबळ निवड केली आणि त्या निवडीचाच मास्क केला. मग मास्कवर बोटाने रंग फासल्यासारखं ओढणारं स्मज टूल, तीन-चार पिक्सेलचा ब्रश, आणि केस जसे वाढलेत त्या दिशेने आतून बाहेर बारीक ओढ. एकेक केस उमटायला लागला. झूम २०० टक्के ठेवला होता. त्याहून मोठं केलं की नुसते चौकोन दिसतात, केसाची दिशा हरवते.

खाली गडद निळ्या रंगाची एक लेअर टाकल्यावर कळलं की केसांच्या टोकांना आभाळाची पांढरी झालर उरली आहे. ती मास्कने जात नाही, केसच जातात. मास्क सोडून फोटोची लेअर निवडायची, कलर पिकरने जवळच्याच केसाचा रंग उचलायचा आणि झालरीवरून फिरवायचा. आकार मास्क सांभाळतो, रंग तेवढा बदलतो. ही युक्ती माझी मला सापडली, त्याचा आनंद अजून आहे.

हो, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो आणि केसांचा लगदा होतो. चार बाय सहा इंचाचं कार्ड ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापायचं तर १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात.

छपाईच्या दुकानात मी पीएनजी दिली होती. तिथे कुणीतरी ती जेपीजी करून घेतली, आणि पिवळ्या कार्डावर शेकरूभोवती पांढरा चौकोन छापून आला. जेपीजीत पारदर्शकपणा टिकतच नाही. तीन रात्रींचं काम असं बघून फार वाईट वाटलं. आता पिवळा रंगही मीच आत भरून तयार कार्ड देते. आणि गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल जपून ठेवते. मास्क तिच्यात शाबूत राहतो, म्हणून दुसऱ्या छपाईला पुन्हा बसावं लागलं नाही.

राणी पाकोळी राहिली आहे. पंखांची कड पाथ टूलने सहज निघेल. मिशा मात्र कापणार नाही, वर नव्या लेअरवर दोन पिक्सेलच्या ब्रशने काढणार आहे.