माजुलीला गेलात तर सालमोरापर्यंत जा

माजुली म्हणजे आसामात ब्रह्मपुत्रेतलं नदीबेट. नागपूरहून तिथे सरळ गाडी नाही. आम्ही आधी हावडा गाठलं, मग गुवाहाटी, मग जोरहाट. जोरहाटपासून निमाती घाट चौदाएक किलोमीटर, आणि तिथून ब्रह्मपुत्रेतली फेरीबोट. मोटारसायकली, तांदळाची पोती, माणसं, सगळं एकाच बोटीत. तासाभराने कमलाबारी घाट येतो.

शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. ती दुपारीच सुटते, मग सकाळपर्यंत बेट बंद. रात्री कोणाला जास्त झालं तर मोठा दवाखाना नदीपलीकडेच! बेटाला जोडणाऱ्या पुलाचं भूमिपूजन २०२१ साली झालं. आम्ही गेलो तेव्हाही बोटच होती. आपल्या अंभोऱ्याला वैनगंगेवर पाहुण्यांसाठी गॅलरी असलेला पूल आहे, हे तिथे आठवून लाज वाटली.

लोक इथे वैष्णव सत्रं (म्हणजे मठ) आणि सामागुरीचे मुखवटे पाहून परततात. तेवढं पाहाच. पण दुसऱ्या दिवशी भाड्याची बाइक घेऊन सालमोऱ्याला, कुंभारांच्या गावाला जा. तिथले कुंभार चाक वापरत नाहीत. आम्ही पाहिलं त्या घरात बाइदेव (ताईला तिकडे असंच म्हणतात) ओल्या मडक्याला आतून हात लावून बाहेरून लाकडी थापीने ठोकत होती, ठप ठप, आणि गोलाई आपोआप येत होती. माती नदीकाठची, आणि तोच काठ नदी खाते. मोडक्यातोडक्या हिंदीत ती म्हणाली, "घर तीनदा मागे घेतलं. आता मागे दुसऱ्याची जमीन."

१९५० च्या भूकंपाने नदीचं पात्र गाळाने वर आलं, तेव्हापासून काठ ढासळण्याचा वेग वाढला. एके काळी बाराशे चौरस किलोमीटरच्या वर असलेलं बेट आता निम्म्याहूनही कमी उरलंय. २०१६ साली जिल्ह्याचा दर्जा मिळाला. जमीन जायची थांबली नाही.

थंडीत जा, पावसाळ्यात मुळीच नको. रोकड जवळ ठेवा. मिसिंग या तिथल्या जमातीच्या लोकांच्या बांबूच्या खांबांवरच्या चांगघरात दोन रात्री राहा, पैसा त्यांच्याच हातात पडतो. जेवण भात-मासे, शाकाहारी असाल तर आधीच सांगा, आमच्या आईने पहिल्या दिवशी नुसता भात-बटाटा खाल्ला.

मडकं घ्याच, पण बॅगेत नाही, मांडीवर आणा. आमचं हावड्यापर्यंत, तिथून नागपूर स्टेशनपर्यंत सुखरूप आलं आणि बाहेर ऑटोवाल्याशी भाव करताना फुटलं.