आमची वाटचाल: बोगद्यातल्या हवेचे दरवाजे

आमचा छोटा कारखाना सुरुवातीला इमारतींच्या वातानुकूलनासाठी पत्र्याचे डक्ट बनवायचा. भुयारी मेट्रोचं पहिलं काम आलं तेही ठेकेदाराच्या ठेकेदाराकडून. बोगद्याच्या मोठ्या पंख्यांपुढे बसणाऱ्या डँपरच्या नुसत्या चौकटी करायच्या होत्या. ब्लेड म्हणजे उघडमीट होणारी पाती, बेअरिंग, आणि पाती फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर दुसरीकडून यायचं. डँपर म्हणजे हवेचा दरवाजा, पण बोगद्यातला दरवाजा इमारतीतल्यासारखा स्वस्थ बसत नाही, हे तेव्हा कळलं.

गाडी बोगद्यात हवा पुढे ढकलत येते आणि मागून ओढत जाते. प्रत्येक गाडीगणिक बंद ब्लेडवर आधी दाब, मग ओढ. गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी, वर्षानुवर्षं. ब्लेड वाकत नाही, थकते, आणि वेल्डच्या टोकाला केसाएवढा तडा जातो. म्हणून पूर्ण डँपर बनवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी उलटसुलट दाब देणारा टेस्ट रिग उभा केला. त्यातून एकही विकाऊ वस्तू निघत नाही. तरी कारखान्यातली सर्वांत मोलाची गुंतवणूक तीच, असं मी आजही मानतो.

रोजच्या दिवशी वायुवीजनाचं काम उष्णता बाहेर काढायचं. ब्रेक, मोटारी, डब्यांचे एसी, सगळ्यांची उष्णता बोगद्यातच साठते. लंडनच्या खोल मार्गांभोवतीची चिकणमाती तर कित्येक दशकं ती शोषून तापली आहे. पण खरी कसोटी आगीची. 2003 साली दक्षिण कोरियातल्या देगूच्या मेट्रोत 192 माणसं गेली. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक फिटरला मी ही घटना सांगतो. आग लागली की एका बाजूचे पंखे ताजी हवा आत ढकलतात, दुसऱ्या बाजूचे धूर ओढतात, आणि माणसं ताजी हवा येते त्या दिशेने बाहेर पडतात. हवेचा वेग कमी पडला तर धूर छताखालून उलटा, माणसांच्याच दिशेने सरकतो. अशा वेळी भलत्या शाफ्टचा, म्हणजे बोगद्यातून जमिनीवर जाणाऱ्या हवेच्या उभ्या वाटेचा, डँपर उघडा राहिला तर हवा तिकडूनच निघून जाते.

डँपर 250 अंश सेल्सिअसच्या धुरात किमान एक तास चालला पाहिजे, अशी अट या कामांत सर्रास असते. एवढ्या तापमानाला साधं पोलाद मीटरमागे जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढतं. ब्लेडच्या टोकाशी फट ठेवावी तर एरवी हवा गळते, न ठेवावी तर ऐन आगीत ब्लेड अडकते. यावर उपाय स्टेनलेस स्टीलच्या लवचीक पट्टीचा: थंड असताना फट झाकते, ब्लेड वाढली की दबते. पट्टीची जाडी आणि वळण जमवण्यात आमचा बराच काळ गेला. तो काळ सत्कारणी लागला.

पुढे पंख्यांचा आवाज दाबणारे सायलेन्सरही करू लागलो, कारण शाफ्टचं तोंड रस्त्यावर, लोकांच्या खिडक्यांजवळ उघडतं. पैशाची ओढाताण मात्र कायम. रिटेन्शनची, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली, रक्कम लाइन सुरू होऊन दोषदायित्वाची (दोष निघाल्यास तो आम्ही दुरुस्त करून देण्याची) मुदत संपेपर्यंत अडकते, आणि छोट्या कारखान्याला ते फार जड जातं. पगार मात्र आम्ही थांबवले नाहीत.

सध्या जुन्या मार्गांवरचे डँपर बदलण्याचं काम हाती आहे. शाफ्ट अरुंद, आणि गाड्या बंद असतात तेवढ्याच रात्रीच्या वेळात काम. म्हणून डँपर छोट्या तुकड्यांत नेऊन जागेवर बोल्टने जोडतो, आणि सकाळची पहिली गाडी सुटण्याआधी प्रत्येक ब्लेड उघडून-मिटून पाहतो.