मढे घाट : धबधबा बघायचा तर खाली उतरा

पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवरच्या मढे घाटातला लक्ष्मी धबधबा बघायला मी तीनदा गेलो आणि तो दिसला तिसऱ्या खेपेला.

आधीच्या दोन्ही खेपा जुलैतल्या, रविवारच्या. घाटमाथ्यावरच्या केळद गावाच्या पठारावर धुकं इतकं दाट की पुढच्याच्या पाठीवरची सॅक हीच वाटेची खूण. ओढा जिथे कड्यावरून खाली झेप घेतो तिथवर गेलो. खालून नुसता आवाज. दरीतून येणारा वारा पाणी उलटं उडवून तोंडावर मारत होता. धबधबा मात्र कुठेच नाही. दिसणार कसा? आम्ही त्याच्या डोक्यावर उभे होतो. शेजारी काही पोरं शेवाळलेल्या कातळावर पोटावर झोपून खाली डोकावत होती, त्यांच्याकडे बघून माझ्याच पोटात गोळा आला. मग भिजलेलं कणीस खाल्लं आणि गाड्यांच्या रांगेत बसून पुण्याला परत आलो.

म्हणून या वेळी बेत बदलला. केळदहूनच निघणाऱ्या उपांड्या घाटाने कोकणात उतरायचं आणि मढे घाटाने, धबधबा समोर ठेवून, वर चढायचं. तारीख सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, वार गुरुवार. रजा टाकावी लागली, पण जुलैतल्या दहा रविवारांपेक्षा तो एक गुरुवार मला जास्त मोलाचा वाटतो. तेव्हा पावसाचा जोर ओसरलेला असतो, ओढ्यांना पाणी भरपूर असतं, धुकं अधूनमधून उघडतं आणि पठारावर सोनकी, तेरडा फुललेला असतो. ऑक्टोबर सरता सरता धार बारीक होत जाते, त्यामुळे फार लांबवूही नका.

आम्ही चौघं. मी, मामेभाऊ, कॉलेजात जाणारी त्याची मुलगी आणि चढावरही गप्पा न थांबवणारा एक मित्र. पहाटे सव्वापाचला धायरीतून निघालो. पुण्याहून जायला दोन रस्ते आहेत. एक सातारा रस्त्याने नसरापूर फाट्यापर्यंत जाऊन उजवीकडे वेल्ह्याला. हा सोपा, पण वाटेत खेड-शिवापूरचा टोलनाका आहे. दुसरा सिंहगड रस्त्याने खानापूर आणि पाबे घाट ओलांडून वेल्ह्यात. हा देखणा आणि वळणांचा. शनिवार-रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीपाशी काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको, तेव्हा सुट्टीच्या दिवशी निघालात तर सातारा रस्ताच बरा. वेल्ह्यात तोरणा डोक्यावर उभा असतो (१४०३ मीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड), पण आमच्या वाट्याला त्याचा फक्त पायथा आला, वरचं सगळं ढगात. चहा, पोहे, पेट्रोल जे काय असेल ते इथेच उरका. पुढे भट्टी, पासलीवरून केळदपर्यंतचा रस्ता अरुंद आहे आणि फोनची रेंज येऊन-जाऊन असते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. स्वारगेटवरून वेल्ह्याला एसटी मिळते, पण पुढचं अंतर आणि हा पूर्ण फेरा धरला तर एका दिवसात परतायला स्वतःची गाडीच हवी.

केळदला गाडी लावून आठच्या सुमारास चालायला लागलो. उपांड्या घाटाची सुरुवात गावात विचारूनच घ्या, कारण भातखाचरांच्या बांधांवरून निघणाऱ्या वाटा सगळ्या सारख्याच दिसतात. खाचरं तुडवू नका, भात त्या दिवसांत पोटरीत येत असतो. एका आजोबांनी आम्हाला हटकलं, “कुठली मंडळी?” पुण्याची म्हटल्यावर हसले. “पाणी बघायला आलात नि उलट्या दिशेला निघालात?” त्यांना बेत सांगितला तेव्हा मान डोलावून म्हणाले, “मग बरोबर. पण ढग भरून आले तर वढ्यात शिरू नका.” दिवसभरातला सर्वांत कामाचा सल्ला तोच ठरला.

उपांड्याचा उतार झाडीतून जातो. ओल्या दगडांवर पाला साचलेला, त्याखाली खेकड्यांची बिळं. इथे गुडघे बोलतात. काठी घ्याच, आणि बुटांचे तळवे झिजलेले असतील तर हा बेत पुढे ढकला. पुतणीने नवेकोरे पांढरे स्पोर्ट्स शूज घातले होते, तिने अर्धा उतार बसूनच केला. उतारावर घाई केली नाही, तासाभराने कोकणाच्या बाजूची कौलं दिसायला लागली.

इथे जरा थांबून वर बघावं. ज्या पठारावरून आपण निघालो, त्यावर पडलेलं पाणी काही पावलांच्या फरकाने दोन समुद्रांत वाटलं जातं. पूर्वेला वळलं तर नीरा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरात, कड्यावरून पडलं तर सावित्रीच्या खोऱ्यातून अरबी समुद्रात. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द पाठ केला होता, डोळ्यांनी बघितला तो इथे.

कर्णवडी हे घाटाखालचं छोटं गाव, जिल्हा रायगड. गावात पोचण्याआधी आम्ही चुकलो. कारवीत शिरणारी एक ठसठशीत वाट होती, ती गुरांची निघाली आणि एका ओहोळापाशी संपली. पाऊण तास गेला. शेवटी गवत कापणाऱ्या एका मावशींनी हाक मारून फिरवलं. वाट मळलेली दिसते म्हणून ती माणसांचीच असेल असं नाही. कर्णवडीवरून खाली राणवडीच्या बाजूला उतरलं की मढे घाटाची वाट धरायची. मधल्या भागात ओढे ओलांडावे लागतात. आम्हाला पाणी पोटरीपर्यंत लागलं. ते गुडघ्यावर असेल, गढूळ असेल किंवा वर घाटात आभाळ काळं झालेलं असेल, तर ओलांडू नका. वर पडलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून खाली ऊन असलं तरी ओढा अचानक फुगू शकतो.

मढे घाट ही जुनी घाटवाट, रुंद आणि बऱ्यापैकी धोपट. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या लढाईत तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच वाटेने कोकणात त्यांच्या गावी, उमरठला नेला आणि म्हणून हा मढे घाट, असं सांगतात. सिंहगडावरून इथवर, मग हा उतार, मग पुन्हा पोलादपूरकडे. खांद्यावर ओझं घेऊन ही वाट कशी उतरले असतील याचा विचार करताना आमचा गप्पिष्ट मित्रही गप्प झाला. पाचेक मिनिटं.

आणि मग एका वळणावर झाडी बाजूला झाली.

ढग फाटल्यासारखा उघडला आणि समोरच्या काळ्या कातळावरून पांढरा पट्टा खाली येताना दिसला. वरून जो नुसता आवाज होता त्याला पहिल्यांदा अंग मिळालं. मधल्या टप्प्यावर आपटून पाणी फुटतं, वारा त्याला कडेला ओढतो, पुन्हा सोडतो. दोन-तीन मिनिटांत धुक्याने पडदा ओढला. आम्ही तिथेच बसलो, थालीपीठ आणि लोणचं काढलं आणि तो पडदा आणखी तीनदा उघडेपर्यंत हललो नाही. फोटोत यातलं काही आलेलं नाही.

उतरायला उपांड्या आणि चढायला मढे, असंच का? उलटंही करता येतं, बरेच जण करतात. पण ओल्या दगडांवर घसरायची भीती उतारावर जास्त, म्हणून उतार सकाळी ताज्या पायांनी संपवलेला बरा. शिवाय दमल्यावर रुंद वाट हाताशी असते आणि धबधबा पाठीमागे न राहता समोर राहतो. अट एकच. दुपारी बारापर्यंत चढाला लागला नाहीत तर पुढचे सगळे थांबे रद्द. आम्ही वाट चुकल्यामुळे पाऊण वाजता लागलो आणि केळदला पोचायला पावणेचार झाले. सहाला घाटात अंधारून येतं आणि झाडीत त्याहून आधी.

सामानात माणशी दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, विजेरी, सुक्या कपड्यांची प्लास्टिकमध्ये बांधलेली पिशवी. छत्री आणू नका, कड्यावर वारा ती आणि तुम्ही दोघांनाही नेईल. सुटे पैसे असू द्या. अडचण आलीच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, पण रेंजचं वर सांगितलंच आहे, म्हणून निघताना घरी कोणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा.

निघण्याआधी धबधब्यावर जायला प्रशासनाच्या मनाईचा आदेश लागू आहे का तेही बघा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, तेव्हापासून पावसाळी ठिकाणांवरचे निर्बंध अधिक कडक झाले आहेत. आदेश असेल तर केळदपर्यंत जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही, दुसरी तारीख काढा.

वर पोचल्यावर पुतणी म्हणाली, “काका, आता काठावर जाऊन वरून बघू या का?” मी म्हटलं, बघण्यासारखं जे होतं ते बघून झालंय. गावात चहा प्यालो, तिने शूज ओढ्यात धुतले, ते पुण्याला पोचेपर्यंत गाडीच्या मागच्या काचेपाशी वाळत होते. परत पाबे घाटाने आलो. साडेसातला धायरी.