तुम्ही विचारलंत म्हणून: हा वायरलेसचा नाद लागला कसा?

आमच्या गच्चीवरून समोरच्या नारळाला ताणलेली तार दिसली की माणूस थांबतोच. कुरिअरवाला, समोरच्यांकडे आलेले पाहुणे, इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच. "काका, खिशात मोबाईल असताना हा वायरलेसचा नाद लागला कसा? आणि तुमच्यासारखी आणखी माणसं बेळगावात आहेत तरी कुठं?" दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देणं मला कधीच जमलं नाही. म्हणून घरच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलायच्या या छंदाबद्दल इथे बसून नीट सांगतो.

नाद लावला तो रात्रीच्या रेडिओनं. बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी साधा ट्रान्झिस्टर होता. दिवसा त्यावर दोनच स्टेशनं नीट लागायची. आई सांगली लावायची, भिंतीपलीकडच्या घरात धारवाड चालू असायचं. मराठी बातम्या आणि कन्नड भावगीतं एकाच वेळी कानावर पडत आम्ही वाढलो. पण दिवेलागण झाली की त्याच सेटचं रूप पालटायचं. मीडियम वेव्हवर काटा केसभर सरकवला की तेलुगू, आणखी केसभर सरकवला की तमिळ, मग भाषाच न कळणारं कुणी बोलत असायचं. दिवसा ही माणसं कुठं जातात, हा प्रश्न मला झोपू द्यायचा नाही.

उत्तर शाळेतल्या सरांनी दिलं. जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या प्रारणामुळे विद्युतभारित झालेला हवेचा एक थर असतो. त्याला डी थर म्हणतात. मीडियम वेव्हच्या लहरी तो दिवसा शोषून घेतो. सूर्य मावळला की थोड्याच वेळात तो विरतो, मग त्या लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटरवर खाली उतरतात. म्हणजे ती माणसं दिवसाही बोलतच होती, आमच्यापर्यंत पोचत नव्हती एवढंच. हे कळल्यावर माझं रेडिओकडे बघणं कायमचं बदललं.

आमच्या गल्लीत यंत्रमाग होते. मोटारी चालू असल्या की सेटमध्ये नुसती खरखर. वीज गेली की अख्खी गल्ली हळहळायची आणि मी सेट घेऊन अंगणात पळायचो, कारण तेवढा वेळ हवा स्वच्छ असायची. बॅटरीवरच्या सेटवर इतकं बारीक ऐकू यायचं की वीज परत आली की मला वाईट वाटायचं.

पुढची ओळख खडे बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली. दुकानदाराला सगळे अण्णाच म्हणायचे. शाळा सुटली की मी तिथं जाऊन स्टुलावर बसायचो. अण्णा मोडके बोर्ड द्यायचे आणि त्यावरचे पार्ट शाबूत काढायला लावायचे. "आधी वास घे, मग बघ, मग मीटर लाव," हा त्यांचा क्रम. जळलेल्या रेझिस्टरचा आणि फुटलेल्या कंडेन्सरचा वास वेगळा, हे मी तिथं शिकलो. डाग देताना, म्हणजे पार्ट जोडताना, आधी राळ, मग बेतानं शिसं, आणि डाग चकचकीत बसला पाहिजे. धुरकट दिसला की ते काही न बोलता तो उकरून टाकायचे.

एका रविवारी त्यांनी शॉर्टवेव्हचा सेट 41 मीटरच्या पट्ट्यात, सात मेगाहर्ट्झच्या जरा वर लावला. आतून माणसाच्या बोलण्याचे चढउतार ऐकू येत होते, पण शब्द एकही कळत नव्हता. मला वाटलं, सेटच बिघडलाय. अण्णांनी शेल्फवरचा दुसरा शॉर्टवेव्ह सेट काढला, पहिल्याला चिकटवून ठेवला, त्याचा आवाज पूर्ण बंद केला आणि त्याचा काटा अगदी सावकाश फिरवू लागले. एका जागी आधी चिरका आवाज आला, तो खाली खाली उतरला, आणि पहिल्या सेटमधून लख्ख मराठी ऐकू आलं: "...इकडं सकाळपासून झड लागलीय, तुमच्याकडं काय?"

मी दोन्ही सेटकडे बघत राहिलो. अण्णांनी समजावलं ते असं. हे लोक सिंगल साइडबँडवर बोलतात. त्यात आवाज वाहून नेणारी मूळ वाहक लहर पाठवतच नाहीत, तेवढी शक्ती वाचते. साध्या सेटला ती लहर लागते, म्हणून त्याला बोलणं उलगडत नाही. पण प्रत्येक सेटच्या पोटात एक बारीक ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, असतो, तो काट्यावरच्या आकड्यापेक्षा साधारण 455 किलोहर्ट्झ वर चालतो. दुसऱ्या सेटचा काटा तेवढा खाली आणला की त्याची लहर बरोबर पाहिजे तिथं येते आणि शेजारच्या सेटला ती फुकट मिळते. आणि बोलणारे ते कोण? पगारी नव्हेत, पोलीस नव्हेत, लष्करातले नव्हेत. घरी बसून, परवाना घेऊन, हौसेनं बोलणारी माणसं. लोक त्यांना हॅम म्हणतात. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की मलाही तिथं बोलायचंय.

बोलायला परीक्षा द्यावी लागते. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची, इलेक्ट्रॉनिक्सची आणि नियमांची. वरच्या श्रेणीला मोर्सही, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागतो. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, शिक्षणाची अट नाही. टिळकवाडीत एक प्राध्यापक परवानाधारक आहेत, हे मला अण्णांनीच सांगितलं. सरांच्या घरी रविवारी सकाळी पाच-सहा जण जमायचे. एक बँकेतला, एक बसच्या वर्कशॉपमधला, दोघं कॉलेजची पोरं, एक कॅम्पातले, लष्कराच्या सिग्नल विभागातले निवृत्त सुभेदार. मोर्स सुभेदारांनी शिकवला. टिंब आणि रेघ कागदावर लिहायला त्यांनी कधी परवानगी दिली नाही. "कानानं शिका. डाडिडाडिट, डाडाडिडा, हे नुसतं गुणगुणा," म्हणायचे. हे म्हणजे सी आणि क्यू, 'कुणी आहे का तिकडे' अशी हाक. बाजारात, बसमध्ये, आंघोळ करताना पाट्यांवरची अक्षरं मी मनातल्या मनात वाजवत असायचो. कन्नड पाटी आली की पंचाईत, मग मी पुढच्या इंग्रजी पाटीकडे वळायचो.

परीक्षा गोव्याला दिली. पुढे पोलीस तपासणी, कागदपत्रं, वाट बघणं. हे तुम्हाला लांबलचक ऐकवत नाही. कधीतरी पाकीट आलं आणि त्यात व्हीयूनं सुरू होणारं माझं स्वतःचं सांकेतिक नाव होतं.

आता खरी अडचण सेटची. परदेशी सेट आमच्या ऐपतीबाहेरचे. काही वर्षं मी सरांच्याच सेटवर बोललो. मग हैदराबादच्या अश्हर फरहान यांचा बिटएक्स आला आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. 14 मेगाहर्ट्झचा, सुमारे 6 वॅटचा, घरी बांधायचा सेट. त्यांनी तो मुद्दाम असा आखला होता की पार्ट भारतातल्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळावेत. व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, त्याची कॉइल चक्क नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळायची.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, "माणसं कुठं भेटली", त्याचं उत्तर इथं आहे. ती मला उद्यमबागेत, आमच्या औद्योगिक वसाहतीत भेटली. वॉशर हार्डवेअरच्या दुकानातून आणला. तांब्याची इनॅमलची बारीक तार मोटार रिवायंडिंगवाल्याकडे मिळाली. त्यानं विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं, तर म्हणाला, "द्या हिकडं, वेढं मी घालतो." मोटारी भरून भरून त्याचा हात असा बसला होता की एकावर एक वेढा चढला नाही, सगळे शेजारी शेजारी, घट्ट. तो व्हीएफओ गरम झाला की सरकायचा, बोलणाऱ्याचा आवाज हळूहळू चिरका होत जायचा. नुसता श्वास लागला तरी फरक पडायचा. मग एका लेथवाल्या मित्रानं ॲल्युमिनियमची जाड डबी करून दिली, कॉइल मेणात बसवली, आणि सेट स्थिर झाला. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरचा हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, एका फाउंड्रीतल्या पॅटर्नमेकरनं भंगारातून कापून दिला. यांतल्या एकाकडेही परवाना नव्हता. पण सेटवरून पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा तिघंही माझ्या खोलीत होते. कोचीच्या एका गृहस्थांनी पाच-नऊ रिपोर्ट दिला. म्हणजे बोलणं स्पष्ट, ताकद भरपूर. रिवायंडिंगवाला उठला आणि कुंदा घेऊन आला.

पंप, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट करणारं हे गाव. इथं हात चालवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीचे हलते देखावे करणाऱ्या पोरांना मोटार, रिले, टायमर कुणी शिकवावा लागत नाही. तंत्रज्ञानाची आवड असलेल्यांना बेळगावात सोबत मिळत नाही असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. सोबत आहे, फक्त ती संगणकासमोर शोधली जाते आणि बसलेली असते लेथवर.

आणि हवेतली सोबत? त्याबद्दल मला अगदी मनापासून एक सांगायचंय. आपण सीमाभागातली माणसं. 1956 पासून कुठंही गेलं तरी पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या बाजूचे? तो प्रश्न मला परका नाही, त्यातलं दुखणं माझ्याही घरात आहे. पण सात मेगाहर्ट्झवर बोलताना पहिला प्रश्न असतो, माझा सिग्नल कसा येतोय? दुसरा, अँटेना काय लावलाय? तिसरा, पाऊस आहे का? हौशी रेडिओचा नियमच आहे की बोलणं प्रयोगाबद्दल आणि किरकोळ वैयक्तिक स्वरूपाचं असावं. दुपारी या पट्ट्यावर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि वळून भोवतालच्या काहीशे किलोमीटरांत पडते. सह्याद्रीच्या रांगा आडव्या येत नाहीत. त्यामुळे कोल्हापूर, गोवा, हुबळी, पुणे एकाच वेळी ऐकू येतात. धारवाडचे एक आजोबा मला "हेळ्री, काय म्हणता" अशी हाक घालायचे. त्यांचं मराठी आणि माझं कन्नड सारखंच मोडकं, पण अँटेनाची लांबी कशी काढायची यावर आम्ही कितीतरी दुपारी बोललो. त्यांना मी प्रत्यक्ष कधीच भेटलो नाही. माझ्या आयुष्यात मला शिकवणाऱ्या माणसांत मी त्यांना फार वर धरतो.

या छंदाचं वजन मला 2004 च्या डिसेंबरात कळलं. भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी हौशी केंद्र चालवायला अंदमानला गेले होते. 26 तारखेला त्सुनामी आली. दळणवळण कोलमडलं, आणि पोर्ट ब्लेअरमधून त्यांनी लोकांचे निरोप मुख्य भूमीवरच्या हॅम मंडळींकडे पोचवायला सुरुवात केली. हौस म्हणून ताणलेली तार कुणाच्या घरी 'आम्ही सुखरूप आहोत' एवढं कळवू शकते, हे समजल्यावर मी बॅटरी नेहमी भरलेली ठेवायला लागलो.

आताची पोरं दुसऱ्या वाटेनं येतात. टीव्हीसाठी बनवलेला एक छोटा यूएसबी डोंगल संगणकाला लावला की साधारण 24 ते 1,700 मेगाहर्ट्झमधला हवा तो पट्टा पडद्यावर दिसतो. मला त्याचं कौतुक आहे. काटा फिरवत जे शोधायला आम्हाला रात्र लागायची ते त्यांना एका नजरेत दिसतं. पण पडद्यावर दिसणारा सिग्नल कुणाचा, हे विचारायला शेजारी माणूस लागतोच. म्हणून अधूनमधून आम्ही त्यांना येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेतो.

मागे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून 145.800 मेगाहर्ट्झवर चित्रं सोडत होते. स्थानक साधारण 400 किलोमीटर वरून जातं, डोक्यावर मिळतं फार तर दहा मिनिटं. खानापूर तालुक्यातली एक मुलगी हातात अँटेना धरून उभी होती. लाकडी पट्टीवर मेजर टेपचे तुकडे ठोकून तिनं तो स्वतः केला होता. ठरल्या वेळी खरखरीतून एक चिवचिव सुरू झाली. त्या आवाजातूनच मोबाईलच्या पडद्यावर वरून खाली चित्राची एकेक ओळ उमटू लागली. एक चित्र पुरं व्हायला दोन मिनिटं लागतात. मधेच अँटेना जरा कलला की तेवढ्या ओळी धुरकटायच्या, आणि ती लगेच मनगट फिरवून सावरायची. कुणी काही सांगत नव्हतं. सांगावंही लागलं नाही. आता ती परीक्षेची तयारी करतेय. गच्चीवर तार लावायला मुलीला घरातून आधी नकार मिळाला होता. मग तिच्या आईला आम्ही गडावर घेऊन गेलो, आणि तार लागली.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर पैसे खर्च करू नका. कुणाकडे सिंगल साइडबँड घेणारा रिसीव्हर असेल तर मागून आणा, नाहीतर अण्णांसारखे दोन जुने शॉर्टवेव्ह सेट जवळ ठेवा. दहा-दहा मीटरच्या दोन तारा घ्या, मधे पीव्हीसी पाइपचा तुकडा, तिथून केबल खाली. विजेच्या तारांपासून लांब, जमेल तितक्या उंच बांधा. पावसाळ्यात गडगडायला लागलं की केबल काढून ठेवा, यात हयगय नको. रविवारी अकरा-बाराच्या सुमाराला 7.050 ते 7.150 मेगाहर्ट्झच्या दरम्यान सावकाश फिरत राहा. माणसं सापडतील. पहिले काही रविवार नुसतं ऐका, कोण कुठून बोलतंय ते वहीत लिहा. मग वही घेऊन आमच्याकडे या. नारळाला बांधलेली तार शहापुरात एकच आहे, पत्ता विचारावा लागणार नाही.