आईची वही

आज माळा आवरताना आईची १९९९ सालची जमाखर्चाची वही सापडली. तिथेच मांडी घालून बसले. मे महिन्याचं पान गव्हानेच भरलंय: मार्केट यार्डातून आणलेलं पोतं, हमाली, टेम्पोचं भाडं. कोठीत घालायचा कडुनिंबाचा पाला फुकट मिळाला, तरी त्याच्यापुढे '०' लिहिलंय. 'हॉटेल' हा शब्द अख्ख्या वर्षात दोनदा.

मग मोबाईलवर माझा गेला महिना काढला. पिशवीबंद आटा एकदाच. बाकी बाहेरचं खाणं, पेट्रोल, इंटरनेट, क्लासची फी.

हे आमच्याच घरी घडलेलं नाही. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत १९९९-२००० साली शहरातल्या माणसाच्या १०० रुपयांतले ४८ खाण्यावर जायचे, २०२३-२४ मध्ये जेमतेम ४०. त्यातही धान्यावर ४सुद्धा नाहीत, आणि पेयं व तयार खाण्यावर मात्र १०पेक्षा जास्त.

पण या सरासरीत आमच्या कामाच्या मावशी कुठेच दिसत नाहीत, आणि ते मला फार लागतं. घरभाडं आणि मुलाची फी देऊन झाली की त्यांच्याकडे कात्री लागते ती खाण्यालाच. "डाळ महागली की पाणी वाढवायचं, ताई," असं त्या सहज बोलून जातात.

संध्याकाळी वही आईला दाखवली. चष्मा लावून तिने आधी मार्चची बेरीज काढली. तेव्हा ११ रुपयांचा हिशेब लागला नव्हता, अजून आठवतंय तिला.