उद्दिष्ट : रकाना भरणे अनिवार्य

सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, सवय लागली. हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी राजेंद्रनगरहून निघायचं, राऊपर्यंत जायचं, परत यायचं. घोडं अडलं ते इंदूरच्या एका सायकल ग्रुपच्या फॉर्मवर.

सोबत मिळेल म्हणून नाव नोंदवायला गेले. नाव, वय, रक्तगट भरून झाल्यावर रकाना आला : 'उद्दिष्ट'. पर्याय तीन : स्पर्धा, लांब पल्ला, वजन कमी करणे. रिकामा सोडला की लाल अक्षरं. त्याखाली 'सरासरी वेग'. आता हा उतारावरचा लिहू की भाजीची पिशवी लटकवून येतानाचा? ॲडमिनला मेसेज टाकला, 'नुसतं फिरायला' असाही एक पर्याय घाला. निळ्या टिका उमटल्या, उत्तर नाही. बऱ्याच दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा आलं, "काकू, आधी गोल ठरवा, मग मोटिव्हेशन टिकतं."

काकू म्हटल्याचा राग नाही, वय आहे तेवढं. पण तोवर मी गोलबिल न ठरवता मजेत चालवत होते की! त्यानंतर सायकल काढली रे काढली की डोक्यात तो रकाना. हँडलवरच्या मोबाइलकडे बघत राऊ गाठायचं, सिग्नलला थांबलं की सरासरी पडते म्हणून धुसफुसायचं. दुकानात जाऊन पातळ टायरांच्या किमतीसुद्धा विचारून आले.

मग ग्रुपवाल्यांचाच सल्ला आला, "लांब पल्ला टाका काकू, दोनशेची ब्रेव्हे सोपी असते." ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करायचं. वाचून काढलं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. पोहे, पंक्चर, वाटेत कार्डावर घ्यायचे हजेरीचे शिक्के सगळं त्यातच, घड्याळ थांबत नाही. म्हणजे ताशी पंधराच्या आसपास. ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतोच, वेळेत आलात की झालं. आणि या मंडळींत मात्र कोण कोणाच्या आधी आलं यावर दिवसभर चर्चा! मग सरळ स्पर्धाच म्हणा ना. जमलंही असतं मला, पण मनच होईना.

शेवटी एका रविवारी मोबाइल पिशवीत टाकला आणि महूच्या पुढे पाताळपाणीला गेले. सासरे रेल्वेत होते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या खंडवा-इंदूर लाइनीसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, ही त्यांची जेवताना सांगायची गोष्ट. इंग्रजांना कर्ज देणारा राजा म्हणून त्यांना कोण अभिमान! ती मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एकच मीटर अंतर असलेली लाइन, मी आजवर गाडीतूनच बघितली होती. रूळ ओलांडताना सायकल आडवी धरली, तर पुढचं चाक एका रुळावर आणि मागचं जवळजवळ दुसऱ्यावर. एवढीशी लाइन! (रूळ ओलांडताना चाक काटकोनात घाला, तिरकं गेलं की टायर फटीत अडकतो आणि माणूस आडवा. अर्थात उतरून हातात धरून नेली तर सर्वांत बरं.)

तेव्हा उलगडलं. मला सायकल काढायला एक ठिकाण लागतं, आणि त्या ठिकाणाची काहीतरी भानगड ठाऊक असावी लागते. मग महूला भीम जन्मभूमी झाली, चंबळ जिथून निघते ते जानापाव झालं. जानापावला शेवटचा चढ ढकलत नेली, कोणी विचारलं नाही.

सिमरोलच्या पुढे चोरलकडे जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : माळव्याचं पठार संपून निमाडकडे उतरता, म्हणून जाताना मजा आणि दमलेले असताना परतीचा चढ. गियर चढ लागायच्या आधीच हलका करा, जोर लावून पेडल मारताना बदलला की चेन कुरकुरते, कधी उतरतेही. ट्रक फार असतात, मागचा लाल दिवा दिवसाही लावा.

फॉर्मचं काय झालं म्हणाल तर अजून 'प्रलंबित'. घाई असेल त्यांनी 'वजन कमी करणे' टाकावं. शेजारच्या वहिनींनी तेच टाकलं, संध्याकाळपर्यंत होकार आला.

आणि हो, सीटवर जेलचं जाड कव्हर घालू नका, तासाभराने जास्तच दुखतं. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काहीही घालायचं नसतं. हे मला दुकानातल्या कोणीही सांगितलं नाही.